ड्वार्फला धूर बाधत नाही

(जळगाव. सराफ बाजारात मननच्या पप्पांच्या दुकानावरची खोली, रविवारची उतरती दुपार. टेबलावर हाताने काढलेला नकाशा आणि फासे. खेळात मनन गोष्ट सांगतो; रमीजचं पात्र ड्वार्फ, म्हणजे खाणीतला बुटका, आणि रुचीचं एल्फ, रानातली तिरंदाज.)

रमीज : माझा उखर्डू खाणीत जाणार नाही.

मनन : जाणार नाही म्हणजे? भो, इतके रविवार आपण या खाणीपर्यंत पोचायलाच खेळलो.

रमीज : पोचलो ना. आता तो बाहेर थांबतो.

मनन : उखर्डू नाव ठेवलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. ड्वार्फचं असलं नाव असतं का?

रमीज : आपल्याकडे पोरं जगत नसली की ठेवतात. हा मरायला नको, म्हणून ठेवलं.

मनन : मरत नाही रे तो. नीट ऐक. खाणीत विषारी धूर आहे. आतला मुकुट बाहेर आणला तरच गाव वाचेल. रुचीची एल्फ आत गेली तर दोन श्वासांत संपेल. तुझा ड्वार्फ आहे. ड्वार्फ खाणीतच जन्मतात, त्यांना विष बाधत नाही. पुस्तकातला नियम आहे, माझा नाही.

रुची : अर्धं बाधतं. नियम सांगायचा तर पूर्ण सांग.

मनन : अर्धं म्हणजे थोड्याशा जखमा. पुढच्या मुक्कामाला भरून येतात.

रमीज : आणि तोवर एल्फ काय करणार?

रुची : झाडावर बसून धनुष्य ताणणार. पहिल्या दिवसापासून तेच करतेय. पाय आखडले असतील बिचारीचे.

रमीज : एल्फ किती जगतो, मनन?

मनन : सात-आठशे वर्षं. ड्वार्फ त्याच्या निम्मा. म्हणून तर. एल्फ मेला तर नुकसान मोठं.

रमीज : तुझ्या पप्पांनी हेच जरा गोड करून सांगितलं.

मनन : पप्पा कुठून आले मधेच?

रमीज : गुरुवारी धुळ्याला आले होते, दवाखान्यात. अब्बांसाठी सफरचंदं घेऊन. अब्बांच्या नाकात नळी, धापेमुळे त्यांना बोलता येत नाही. शेठ म्हणाले, चांद, औषधाला मी कमी पडू देणार नाही. मग माझ्याकडे वळले. सोमवारपासून चांदच्या जागी तेजाबावर तू बस, म्हणाले. तुमच्या घराण्याला सवय आहे, तुमच्या छातीला तो धूर लागत नाही.

रुची : त्या नळीसमोर म्हणाले हे?

रमीज : खुर्ची पलंगाला लागूनच होती.

मनन : मला कोणी बोललं नाही. सोमवार म्हणजे उद्याच की. तुझं शेवटचं वर्ष चालू आहे.

रमीज : ते संध्याकाळी वाचता येतं, असं म्हणाले.

रुची : सोनं शुद्ध करायला तेजाबात टाकलं की तपकिरी धूर निघतो ना, तो घशाला झोंबतो आणि संपतो असं सगळ्यांना वाटतं. तो छातीत खोल उतरतो. माणूस कामावरून बरा घरी जातो, जेवतो, झोपतो. नुकसान नंतर दिसतं. कोणाचंही होतं. घराणं बघून होत नाही.

मनन : खाली तेजाबाच्या खोलीत पंखा आहे.

रमीज : आहे. फिरतोही. पण हवा जाणार कुठे? मागची खिडकी बुजवलीय ना.

मनन : पावसाचं पाणी यायचं तिथून.

रमीज : तुझी दहावी होती. या खोलीत वास यायचा, तू जेवत नव्हतास. शेठनी अब्बांनाच विटा लावायला सांगितल्या. घरी येऊन अब्बा म्हणाले, पोराचा अभ्यास आहे, चालेल.

मनन : मी फक्त वास येतो म्हणालो होतो.

रमीज : हो. तू तेवढंच म्हणालास.

मनन : बरं. नियम बदलतो. आजपासून ड्वार्फलाही पूर्ण विष बाधेल. झालं?

रमीज : बदल. मग आत कोण जाणार?

रुची : मुकुट राहू दे की आतच.

मनन : मग गाव बुडतं.

रमीज : बघ. परत फिरून तू ड्वार्फच शोधणार.

मनन : मी बोलतो पप्पांशी. ती खिडकी फोडायला लावतो. आणि तू तिथे बसायचं नाहीस.

रमीज : आणि अब्बांचं औषध?

मनन : तेही बोलतो.

रुची : मग आत्ताच बोल. काका जिना चढतायत.

लखीचंद : वा, एवढी मोठी माणसं आणि फासे खेळताय. रमीज, बरं झालं इथेच भेटलास. उद्या दुकान उघडायच्या आधी ये. मोडीचं सोनं बरंच साठलंय.

रुची : काका, खालची खिडकी उघडल्याशिवाय तिथे कोणाला बसवू नका.

लखीचंद : बेटा, तुझी केमिस्ट्री कॉलेजात. मागे लोकांच्या गच्च्या आहेत, धूर गेला की बाजारभर बोभाटा. चांद इतकी वर्षं बसला, कधी काही बोलला का?

रुची : आता त्यांना बोलता येत नाही.

लखीचंद : मी त्याला बघून आलोय, रुची. तू गेली होतीस का? नाही ना. मनन, तुझा चेहरा का असा? काही म्हणायचंय तुला?

मनन : नाही, पप्पा.

लखीचंद : मग दिवस मावळायच्या आत जेवून घ्या. रमीज, तूही थांब. काकूने तुझंही ताट वाढलंय.

रमीज : हो, शेठ.

रुची : गेले ते. मनन.

मनन : जेवण झाल्यावर बोलणार आहे. एकटे असले की ऐकतात ते. आत्ता सगळ्यांसमोर...

रमीज : पाणी पी, मनन. मला उद्या दुकान उघडायच्या आधी यायचंय.