टायटॅनियमचं चाक

दीर : नीट बघा ना वहिनी. इथे, घड्याळाच्या केसला पट्टा अडकतो त्या कोपऱ्यात. तपकिरी ठिपके आहेत.

वहिनी : दिसले. चष्मा लावलाय मी.

दीर : आमच्याकडून पॉलिश होऊन ह्या केसेस गेल्या तेव्हा आरसा होत्या आरसा. दीड महिना लोकांनी मनगटावर घड्याळं वापरली आणि कंपनीकडे एकेक केस परत यायला लागली.

वहिनी : म्हणून चार वर्षांनी आमचा जिना आठवला.

दीर : मारा टोमणे, ऐकून घेतो. अडला हरी. चारशे केसेस पॉलिश होऊन कारखान्यात पडल्यात, आठ दिवसांत द्यायच्या आहेत. त्यांच्यावरही हेच निघालं तर कंपनी काम काढून घेणार. आणि दुसरं मोठं काम आहे कुठे आपल्याकडे?

वहिनी : तुमच्याकडे.

दीर : बरं, माझ्याकडे. टायटॅनियमला गंज चढत नाही म्हणतात, मग हे काय आहे?

वहिनी : टायटॅनियमला नाहीच चढत.

दीर : मग?

वहिनी : बसा आधी. ती खुर्ची डुगडुगते, पलीकडची घ्या.

दीर : आई कुठंय?

वहिनी : आत पडल्यात. पॉलिशचं कापडी चाक कसं चालवता?

दीर : दादा शिकवायचा तसंच. हळू. केस टेकवायची, चार मोजायचे, उचलायची. गार झाली की पुन्हा. पोलादासारखी घाई करायची नाही.

वहिनी : हो, ह्यांचंच वाक्य. पोलाद मार खाऊन चमकतं, टायटॅनियमची समजूत काढावी लागते. आणि एकदा चमकलं की तो रंग बघावा. पोलादासारखा पांढराफटक नाही, करडा, गहिरा. हातात घेतलं तर थंड लागत नाही, वजन तर नाहीच.

दीर : वहिनी, पाया पडतो. तुम्ही दातांच्या कारखान्यात रोज टायटॅनियम हाताळता. ते जबड्यात बसवायचे स्क्रू तुमच्या हाताखालून जातात. सगळे म्हणतात, तुमच्याइतकं ह्यातलं इथे कुणाला कळत नाही. या माझ्याकडे. मुख्य मेस्त्रीची जागा देतो.

वहिनी : जागा नको. काय बिघडलंय ते सांगते, लपवणार नाही. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.

दीर : विचारा.

वहिनी : आपली पहिली टायटॅनियमची ऑर्डर आठवते? साठ केसेस. सगळ्या ह्यांनी एकट्यानं केल्या होत्या.

दीर : जुनं कशाला उकरता.

वहिनी : त्या साठांवरही हेच ठिपके आले. ह्यांनी जेवताना तुम्हाला विचारलं, हिरव्या दोऱ्याच्या चाकाला कुणी हात लावला होता का? ते चाक फक्त टायटॅनियमसाठी होतं, दोरा त्यासाठीच बांधला होता. तुम्ही आईची शपथ घेऊन नाही म्हणालात.

दीर : दादाचा हात थरथरत होता तेव्हा. सगळ्यांनी पाहिलंय.

वहिनी : चमचा धरताना थरथरायचा. चाकाला टेकला की गप्प व्हायचा. मी शेजारी बसायचे, मला सांगू नका. माझा प्रश्न तोच आहे. हात लावला होता का?

दीर : त्याचा ह्या ठिपक्यांशी काय संबंध?

वहिनी : वैद्याला नाडी दाखवायची नाही आणि औषध मागायचं, असं चालत नाही.

दीर : तुम्हाला मदत करायचीच नाहीये. सूड घ्यायचाय.

वहिनी : हो, घ्यायचाय. गोड बोलून कशाला फसवू? माणूस मेला तो स्वतःला नालायक समजून मेला, भावजी. मी रोज बघत होते. हवं तर उठा, घ्या ती केस आणि जा.

दीर : ...कात्र्या केल्या होत्या.

वहिनी : मोठ्यानं बोला. जन्म मोटारीच्या घरघरीत गेला, कमी ऐकू येतं मला.

दीर : कात्र्या केल्या होत्या! न्हाव्यांच्या, दोन डझन. रविवार होता, दादा दवाखान्यात होता. माझी आपली बाहेरची छोटी ऑर्डर. पोलादासाठीचं चाक फाटलेलं, म्हटलं चाक ते चाक. घेतलं हिरव्या दोऱ्याचं.

वहिनी : आणि शपथ?

दीर : दादा चिडला असता. पुढे खापर त्याच्या हातावर फुटलं, मला बोलायचं धाडस झालं नाही. पण त्यानंच ठिपके आले असं मला काय माहीत? आजही माहीत नाही.

वहिनी : मग ऐका. टायटॅनियम उष्णता पुढे जाऊ देत नाही. घासलं की वरची कातडी तेवढी तापते, चिकट होते आणि चाकावर जे असेल ते अंगात घेते. तुमच्या कात्र्यांचं पोलाद त्यात रुतलं. डोळ्यांना दिसत नाही. मनगटाचा घाम लागला की ते पोलाद गंजतं. टायटॅनियम बिचारं जिथल्या तिथे असतं. आता सांगा, चाकं वेगळी ठेवता?

दीर : दादा गेल्यावर... एवढं कोण पाळतंय. कात्र्या आता रोजच्याच आहेत.

वहिनी : टायटॅनियमच्याच चाकावर?

दीर : त्याच.

वहिनी : झालं तर.

दीर : उपाय सांगा.

वहिनी : चारशेच्या चारशे आम्लात बुडवायच्या. पोलाद निघेल, पण आरसाही जाईल. मग कोरी चाकं आणायची आणि पहिल्या घासापासून पुन्हा सुरू. एक माणूस दिवसाला चार करील, त्याहून जास्त नाही. माणसं किती आहेत?

दीर : चार. म्हणजे... पंचवीस दिवस लागतील.

वहिनी : आणि तुमच्याकडे आठ आहेत.

दीर : वहिनी, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

वहिनी : तीन वर्षांपासून. दातांच्या कारखान्यातल्या मास्तरांनी शिकवलं. घरी येऊन ह्यांच्या सामानातलं ते हिरव्या दोऱ्याचं चाक कागदावर झटकलं, काळी धूळ पडली. कागदाखालून लोहचुंबक फिरवलं तर धूळ मागे मागे धावायला लागली. टायटॅनियम लोहचुंबकाला विचारत नाही.

दीर : आणि तीन वर्षं तुम्ही गप्प बसलात?

वहिनी : तुमचा मेस्त्री बाजारात भेटला होता मागे. कौतुकानं सांगत होता, साहेबांनी सगळं एकाच चाकावर आणलंय, काम भराभर उरकतं. मी भाजी घेतली आणि घरी आले. त्या दिवशी मला चार घास जास्त गेले.

(आतलं दार उघडतं. सासू भिंतीला धरून बाहेर येते.)

सासू : इतकं ओरडायला कशाला लावलंस त्याला. जागीच होते मी.

वहिनी : म्हणूनच लावलं, आई. हात चालत नव्हता तर चाकाला बसलास कशाला, असं तुम्ही ह्यांना म्हणाला होतात. ह्यांची काही चूक नव्हती, हे तुमच्या कानांनी ऐकायला हवं होतं.

सासू : मला ठाऊक होतं.

दीर : आई?

सासू : त्या रविवारी डबा घेऊन मीच आले होते ना रे. पाठमोरा बसून कात्र्या घासत होतास. हिरवा दोरा मला लांबून दिसला. डबा ठेवला आणि मागच्या मागे आले.

वहिनी : ह्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही वाढत होतात. ताटाशी उभ्या होतात.

सासू : होते. मिठाची गुळणी धरली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, थोरला फार दिवसांचा नाही. धाकट्याचं नाव गेलं असतं तर कारखानाही गेला असता. जाणाऱ्याच्या माथी मारलं. दोघांतला एक वाचवला, झालं.

वहिनी : शेवटी शेवटी हे हात समोर धरून बघत बसायचे. म्हणायचे, ह्या हातांनी घालवलं सगळं.

सासू : माझ्याशीही बोलला होता तो.

वहिनी : तुमच्याशी? मग तुम्ही काय म्हणालात?

सासू : म्हटलं, पड आता, विचार करू नकोस.

दीर : वहिनी, माझं ऐका. उद्या सगळ्या कामगारांसमोर सांगतो, दादाची चूक नव्हती म्हणून.

वहिनी : ते तर सांगाच. कंपनीलाही सांगा, आता तसंही काय राहिलंय. पण मी मूर्ख. चार वर्षं तुमच्या आईचं न्हाणं-धुणं केलं, घास भरवले. वाटायचं, माझ्यासारखी हीही बाई फसलीय, एका दुःखातल्या दोघी आहोत आम्ही.

सासू : अगं, पण तूच तर माझी...

वहिनी : पिशवी भरते तुमची. फार काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

सासू : मला जिना उतरवत नाही, सूनबाई.

वहिनी : वाचवलेला मुलगा आहे ना धरायला. भावजी, औषधं लक्षात ठेवा. सकाळी पांढरी गोळी, जेवणानंतर पिवळी. रात्री दोनदा उठतात, तेव्हा दिवा लावून ठेवा.