कालव्याच्या बांधावर समोरासमोर

इंग्लंडमधल्या ईलीच्या बस थांब्यावर मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी गमबूट घातलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, ईनिड आणि थेल्मा. गावच्या प्रदर्शनात थेल्माच्या मुरंब्याला बक्षीस मिळालं, ईनिड त्याला दुकानातला म्हणाली आणि तेव्हापासून, आज सकाळी कालव्याच्या बांधावर समोरासमोर येईपर्यंत, दोघींचा अबोला होता. निदान मला तरी तसं ऐकू आलं.

"आधी तू हसलीस, थेल्मा."

"मी? माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं."

"ढग होते गं."

"आणि तू? मला लांबून पाहिलंस आणि वाकून नाडी बांधायला लागलीस."

"सुटली होती."

"गमबुटाला नाडी असते होय?"

"मग काय करू? कालवा दोरी लावल्यासारखा सरळ. बांधावर ना झाड, ना झुडूप. लपायचं कुठं? तासभर तू नुसती येतेच आहेस, येतेच आहेस. आधी मुंगीएवढी, मग कोंबडीएवढी."

"कोंबडी?"

"टोपीच तशी आहे तुझी."

"तुला सुनावायला मी एक जळजळीत वाक्य घोकत होते, तासभर. तू समोर आलीस आणि तोंडातून निघालं, 'सँडविच खाणार का?'"

"काकडीचं होतं म्हणून खाल्लं. मुरंबा घरचा होता, हे मी कबूल केलं असं समजू नकोस."

"एवढा राग होता तर माघारी जायचंस की."

"वळले होते. दोनदा. पण दोन्ही वेळा वाटलं, तूही परत गेलीस तर? म्हणून पुन्हा वळले."

"अगं बाई! आणि मला वाटलं, तू व्यायाम करतेस."