इद्दोची गाढवी पहिलटकरीण

मंडळी, एक विचारतो! घरात पहिलं जन्मलेलं लेकरू कुणाचं? 'आमचं!' — बघा, पुढे बसलेल्या आयाबाया लगेच बोलल्या! बरोबर आहे, नऊ महिने तुम्ही वाहिलं! पण इस्राएल लोकांना देव म्हणाला, मिसर देशात तुमचे थोरले मी वाचवले, म्हणून पहिला नर माझा! मोल द्या, सोडवा आणि घरी न्या! आता सांगा — परतच द्यायचं, तर देवाला मोल हवं कशाला?

ऐका तर!

एफ्राइमच्या डोंगरात इद्दो नावाचा द्राक्षमळेवाला होता. माणूस भला, पण हात जरा आखडता! (हसू नका, आपल्यातही आहेत!) बायको तिर्सा. लग्नाला आठ वर्षं झाली, तेव्हा कुठे पाळणा हलला — मुलगा! आणि त्याच आठवड्यात गाढवी व्याली — तिलाही नर शिंगरू! इद्दोचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण नियम गाढवालाही होता हो! गाढव काही वेदीवर बळी म्हणून चालत नाही. म्हणून पहिल्या शिंगराच्या बदली कोकरू द्यायचं. नसेल द्यायचं, तर शिंगराची मान मोडायची! इद्दोकडे कोकरू एकच, चांगलं गुबगुबीत. शिंगराला मारवेना, कोकरू देववेना! गावचा म्हातारा याजक, म्हणजे देवाचा पुजारी, दारात आला. म्हणाला, "पहिलंच ना रे हे?"

"छे छे! गाढवी विकत घेतलेली. आधीच्या धन्याकडे व्याली होती म्हणे!"

कोण म्हणे? गाढवी म्हणे? याजक बापडा साधा. "मग राहू दे," म्हणाला आणि गेला.

तिर्सानं आतून सगळं ऐकलं होतं. "अहो, ही पहिलटकरीण आहे! शिंगरू जवळ आलं की बिचकते, पाजायचं कसं ते उमगत नाही तिला. मी आत्ताच त्यातून गेलेय, मला कळत नाही होय?"

"गप गं! देवाला एका कोकराचं काय!"

महिना भरला. आता पोराला सोडवायचं! पाच शेकेल रुपं, म्हणजे तोलून चांदी — आणि हे मात्र इद्दोनं आनंदानं कमरेला बांधलं! दोघं याजकाकडे गेली. म्हाताऱ्यानं पोर हातांवर घेतलं आणि विचारलं, "पहिलाच ना रे हा?"

'हो!' असं डोंगर दणाणून सांगायचं होतं इद्दोला. आठ वर्षं वाट पाहिली होती! पण याच म्हाताऱ्याला, याच प्रश्नाला, तो खोटं बोलला होता! आता त्याच तोंडानं पोर मागायचं? पोर याजकाच्या हातांवर, आणि इद्दोचे हात रिकामे. हे परत मिळालंच नाही तर?

"बाबा," तो रडत म्हणाला, "हा पहिलाच. आणि... ते शिंगरूही पहिलंच!"

याजकानं त्याच्याकडे बघितलं. "कोकरू कुठाय?"

"घरी! आत्ता आणतो!"

"आण. तोवर पोर मी सांभाळतो."

मग काय सांगू मंडळी! इद्दो धावत सुटला — धोतर सावरत! धोतर कुठलं, झगा सावरत! कोकरू खांद्यावर टाकून धापा टाकत आला. याजकानं कोकरू घेतलं, रुपं घेतलं आणि पोर त्याच्या हातात ठेवलं. "ने. आता तुझा." तिर्सा डोळे पुसत हसत होती.

मोल दिले कोणी, मोकळा मी झालो।
माझ्या घरी आलो, देवाचाच॥

देवाला काय रुप्याची वाण होती? इद्दोला एकदा रिकाम्या हातांनी उभं करायचं होतं! आपण कधी उभे राहिलो? आता घरी जाल, थोरल्याला जवळ ओढाल, 'माझा' म्हणाल. म्हणा, खुशाल म्हणा! फक्त त्याआधी क्षणभर हात पुढे करा आणि त्याला मागून घ्या.