जांभळाची बिअर आणि अण्णांचं गोदाम

...नाही, आंबलेल्या वस्तूला आंबलेली म्हणायचं नाही, तर मग म्हणायचं तरी काय, हे मला एकदा कुणीतरी सांगाच! तुम्हाला सांगते, उभा जन्म बेळगावच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं मी. दूध कशानं नासतं, इडलीचं पीठ कुठवर चांगलं आणि कुठून पुढे टाकाऊ, ह्या सीमारेषा आखण्यात हयात गेली... आणि सीमारेषेचं महत्त्व आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको!

तर आमचा निशांत, माझा सख्खा भाचा, बंगळूरची नोकरी अर्धवट सोडून निपाणीला आला. कशासाठी? बिअर आंबवायला! चुकून नव्हे, मुद्दाम! खानापूरची जांभळं पिंपात घालायची, वर बिअर ओतायची आणि महिनोन्‌महिने विसरायचं. आमच्या आईच्या राज्यात एखादी बरणी अशी विसरली, तर त्याला हलगर्जीपणा म्हणत. हा म्हणतो, 'आत्या, मुरवणं!' मुरव बाबा. पण आंबलेलं ते आंबलेलं!

ह्या मुरवण्यासाठी त्याला हवं होतं त्याच्या वडिलांचं तंबाखूचं रिकामं गोदाम. वडील म्हणजे हरिभाऊ, माझे थोरले बंधू, आमचे अण्णा. अण्णा म्हणाले, 'ह्यातलं मला काय बी कळत न्हाय. वसुधा चव घिऊन सांगंल ते खरं. न्हायतर सोमवारच्या गाडीनं गपगुमान बंगळूर!' झालं! पोराचं भवितव्य माझ्या जिभेवर! तेवढ्यात वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं, 'वन्सं, पाया पडते, वाईट हाय म्हणा. बिअर करणाऱ्याला पोरगी कोण देईल वो?' मी म्हटलं, वहिनी, मी कुणाच्या बाजूनं बोलत नसते. जे आहे ते बोलते.

ग्लास आला. निशांत म्हणतो, 'आधी हुंग आत्या. तबेला आठवतो? घोड्याच्या पाठीवरची घोंगडी?' अरे, घोंगडी आठवली म्हणून तर ग्लास लांब धरलाय! 'तीच तर अस्सल मालाची खूण!' आता बोला! दोष काढावा तर ती खूण! ह्या विषयात नापास करायचं तरी कसं?

घोट घेतला. दात आंबले, डोळे मिटले, कानशिलं ताठली... आणि मग, प्रामाणिकपणे सांगायला हवं, त्या आंबटाच्या मागून जांभूळ आलं. झाडाखाली पडलेलं, उन्हानं तापलेलं, थोडं मातीला लागलेलं. पण एका घोटावरून अनुमान काढायचं नसतं. दुसरा घेतला. तिसरा, पडताळणीसाठी. मग घसा साफ केला.

'अण्णा, हे आंबलंय. तबेल्याचा वास आहे, तळाशी गाळ आहे, जिभेला चामडं घासल्यासारखं होतं. माझ्या प्रयोगशाळेत मी हे मोरीत ओतलं असतं!'

निशांतचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनींनी देवाला हात जोडले. आणि अण्णा? अण्णा माझ्या ग्लासाकडे बघतायत. ग्लास रिकामा! 'लई नावं ठेवतीस गं वसू... आप्पांची लेक शोभतीस!'

मी कपाळावर हात मारला. निपाणीच्या पेठेत वाढलेय मी, मला हे आधी सुचू नये? तंबाखूचा व्यापारी पाला चुरगाळून हुंगतो. 'झकास हाय, दुसऱ्या कुणाला दावा' म्हणाला, की समजायचं माल नापसंत. आणि 'ह्येला काय वास हाय व्हय रं? जनावर बी तोंड लावणार न्हाय' असं करवादत ढिगापासून हललाच नाही, की पोती त्याचीच! आमचे आप्पाही त्याच पेठेतले व्यापारी, जन्मात चांगल्याला चांगलं म्हटलं नाही त्यांनी. माझं सुवर्णपदक बघून 'लई बारीक हाय' म्हणाले, आणि तेच खिशात घालून पेठभर दाखवत फिरले!

'अण्णा, मी खरंच सांगतेय! आंबलेलं ते आंबलेलं!'

'व्हय व्हय, आप्पा बी असंच म्हनायचे.'

'अहो, पिण्यालायक नाही!'

'आता पुरं! घरचं लेकरू हाय, किती भाव पाडशील?' आणि गोदामाची किल्ली निशांतच्या तळहातावर!

वहिनी डोळ्यांनी मला विनवतायत. उपाय एकच उरला होता. 'झकास' एवढंच म्हणायचं! अण्णांनी किल्ली परत घेतली असती, पोरगं सोमवारी बंगळूरला. शब्द जिभेच्या टोकावर आला... आणि तुम्हाला सांगते, पंचाईत अशी, की तो खराही होता! निशांत तर किल्ली मुठीत आवळून माझ्याकडे बघतोय.

काय करणार? ग्लास पुढे केला. म्हटलं, 'आण अजून थोडी. अगदीच टाकाऊ आहे.'