पद्माक्काचं रीडिंग

...आता तुम्हीच सांगा, बायको ऑपरेशनच्या टेबलावर, गळा उघडा, आणि नवरा काय विचारतो? "पण रीडिंग घेतलं कोणी?" हे आमचे दाजी, हणमंतराव! माझ्या पद्माक्काचे यजमान. तीस वर्षं हैदराबादेत विजेचे मीटर रीडर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी डोक्यातलं मीटर काही बंद होत नाही!

तर झालं काय, माणसाच्या मानेत म्हणे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात... तुमच्याही आहेत, चाचपू नका, लागणार नाहीत हाताला! अक्काची त्यातली एक माजली. हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात ओतायला लागली. दोनदा मुतखडा, हाडं ठणकणार, दोन पावलं चालली की थकणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माजलेली गाठ काढू. काढायच्या आधी रक्तातलं हार्मोन मोजू, काढल्यावर दहा मिनिटांनी परत मोजू. निम्म्याच्या खाली आलं तर गळा शिवायचा. नाही आलं तर आत अजून एक चोर आहे, तो शोधायचा." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दाजी मात्र पांढरेफटक! "म्हणजे सगळा खेळ रीडिंगवर? पण रीडिंग घेणार कोण?"

ऑपरेशनच्या दिवशी बाराच्या सुमारास निरोप आला, गाठ निघाली, रक्त लॅबमध्ये गेलं. लॅब चौथ्या मजल्यावर. लिफ्टपाशी ही गर्दी... आणि दाजी सुटले की हो जिन्यानं! ते दुखरे गुडघे घेऊन! मी मागं. पहिल्याच वळणावर कठडा धरून उभे राहिले. "तुला म्हणून सांगतो, कुठं बोलू नको..." (आता तुम्ही काय परके आहात का?) "चिक्कडपल्लीतली ती तीन-तीन मजली घरं, वर कुत्री... कोण चढणार रे? खाली इराण्याकडं चहा प्यायचो, अन् मागच्या महिन्याचं बघून आकडा टाकायचो. शेरा मारायचो, 'दार बंद, सरासरी'! तुझ्या अक्कालाही ठाऊक नाही. आता वर असाच कुणी चहा पीत बसला असला तर?" डोळ्यांत पाणी हो माणसाच्या! हसू का रडू, मला कळेना.

वर लॅबमधली पोरगी, शिल्पा, दारातच ओरडली, "अंकल, अंदर नक्को आना!" दाजी काचेला नाक लावून उभे. "बेटा, रीडिंग तुम खुद देखते ना? अपनी आंखों से?"

"मशीन देखती, अंकल."

"और मशीन कू कौन देखता?"

बिचारी! शेवटी वैतागून तिनं आकडा कागदावर लिहिला अन् काचेला लावला. आधीचा तीनशे बारा. आताचा... दोनशे साठ! कुठलं निम्मं? खाली फोन गेला, गळा तसाच उघडा, दुसरी गाठ शोधायला लागले. दाजी मटकन जमिनीवर बसले. मी इतका वेळ चिडलेलो बरं का, पण ते हळूच म्हणाले, "या पोरीनं अंदाजानं दीडशे टाकलं असतं, तर शिवून मोकळे झाले असते रे. चोर आतच राहिला असता." मग मीही त्यांच्या शेजारी बसलो.

पाऊण तासानं दुसरी गाठ निघाली, रक्ताची नवी नळी वर आली. दाजी परत काचेला. अठ्ठेचाळीस! तीनदा वाचून घेतलं, मग त्या पोरीला हात जोडले, अन् अस्से रडले, अस्से रडले... तीच घाबरली!

संध्याकाळी अक्का शुद्धीवर आली. घसा बसलेला, आवाज फुटेना. दाजी कानाशी वाकून म्हणाले, "पद्मा, दोन्ही चोर निघाले. रीडिंग अठ्ठेचाळीस!"

अक्कानं एक डोळा उघडला, अन् कशीबशी कुजबुजली, "स्वतः चढून बघितलंत... का इराण्याकडं बसून टाकलंत?"

म्हणजे बाईला तीस वर्षं ठाऊक होतं!

दाजी माझ्याकडं बघतात, मी छताकडं. शेवटी गुडघे चोळत म्हणाले, "चढलो गं बाई, चारही मजले. तीस वर्षं पगार घेतला, अन् पहिलं खरं रीडिंग घेतलं ते रिटायर झाल्यावर... तेही फुकटात!"