रांजणखळीचं जंगल

...अन् मुंगीला सांगणार कोण, हलायचं न्हाई म्हणून? तुम्हाला सांगतो, आमच्या लातुरातला महादेवप्पा, कापडाचा दुकानदार, कपाळाला विभूती, एवढा सभ्य माणूस, अन् भर उन्हात अंगणात पालथा पडून मुंगीच्या मिनतवाऱ्या करून राहिला होता! "बाई, जरा थांब... एवढा एक फोटू..." पण मुंगी ती, तिच्या मागं संसार न्हाई का?

का करून राहिला? दुकानात गिऱ्हाईक न्हाई म्हणून. गिऱ्हाईक का न्हाई? पाऊस न्हाई म्हणून. लातूर नवंनवं जिल्हा झालेलं, पाट्या नव्या, जीपा नव्या, सायबांच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकबी निघालं नव्हतं, विहिरी तेवढ्या जुन्या अन् ठणठणीत! मग महादेवप्पा गेला नांदेडला, साडूकडं. साडू ईश्वरप्पा फोटो स्टुडिओवाला. त्यानं एक जुना कॅमेरा ह्याच्या गळ्यात घातला अन् म्हणाला, "साडूभाऊ, लेन्स काढायची, उलटी लावायची, अन् नाक घासंल इतकं जवळ जायचं. मुंगी हत्तीएवढी दिसती! फकस्त श्वास रोखायचा. हलायचं न्हाई!"

सोपं वाटलं ना? त्यालाबी वाटलं! अहो, तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी सगळं धुरकट! पहिला रोल नांदेडहून धुऊन आला तर काय? एका फोटूत मुंगीची मिशी, मुंगी गायब. दुसऱ्यात नाकतोड्याचा गुडघा. तिसऱ्यात महादेवप्पाचाच अंगठा... तो मात्र लई झकास, रेघन् रेघ!

साडू फोनवर ओरडला, "अहो, न हलणारं कायतरी धरा की!"

आता घरात न हलणारं काय? एक दुकानातला माल. दुसरं रांजणाखालचं शेवाळ. प्यायच्या पाण्याचा रांजण झिरपायचा, त्याच्या बुडाला तळहाताएवढा हिरवा ठिपका. साऱ्या गल्लीत हिरवं म्हणाल तर तेवढंच! महादेवप्पानं रंगीत रोल भरला, पालथा पडला, अन् थेंब चमकावेत म्हणून वरून वाटीभर पाणी शिंपडलं... अन् नेमकी बायको आली, शिवम्मा.

"अहो! टँकरचा पत्ता न्हाई, मी खरकटी भांडी राखेनं घासून राहिले, अन् तुम्ही शेवाळाला आंघोळ घालता?"

उत्तर कसं देणार? श्वास रोखलेला! हलायचं न्हाई!

पण फोटू आला ना... काय सांगू! शेवाळाचं एकेक पातं झाडाएवढं, दाट रान, अन् मधी थेंब न्हाईत, तळी हो, तुडुंब तळी! महादेवप्पा बघतच बसला. दोन वर्सांत असं हिरवं त्यानं कुठं पाहिलं होतं? डोळे भरून आले बिचाऱ्याचे. मोठा करून घेतला, काच बसवली, दुकानात गादीच्या मागं टांगला.

तिथंच घात झाला. एक सायब आला. कोणत्या ऑफिसचा विचारू नका, मला हितंच राहायचंय! नव्या ऑफिसला पडदे घ्यायला आला अन् फोटूपुढं उभा. "वा! आपल्या जिल्ह्यात असं अरण्य आहे? कुठे हो हे?"

महादेवप्पा खरं तेच बोलला, "रांजणाखाली, सायब."

"रांजणखळी? छान! तालुका कोणता?"

आता सांगायचं ना, की गाव न्हाई, घरातला रांजण हाय! तोंड उघडलंबी त्यानं... पण सायबाचा हात पडद्याच्या ताग्यावर. साऱ्या ऑफिसच्या खिडक्या! एवढ्या दिसांनी आलेलं गिऱ्हाईक! शब्द ओठापर्यंत आला अन् तिथंच थांबला. हलायचं न्हाई!

पडदे गेले, सायबानं मागितला म्हणून फोटूबी गेला. पुढच्या आठवड्यात शिवम्मा गल्लीतल्या बाया घेऊन टँकर मागायला त्याच सायबापुढं. सायबानं भिंतीकडं बोट केलं, "रांजणखळीला तळी भरलीत, बाई! टँकर तिकडे पाठवलाय, भरून आणेल."

शिवम्मानं निरखून पाहिलं. "सायब, हे तर माझ्या रांजणाखालचं शेवाळ हाय!"

सायब हसला. "शेवाळ असं असतं का हो, बाई?"

घरी आल्यावर महादेवप्पाचं काय झालं ते मी सांगत न्हाई. पण सांज व्हायच्या आत दारात टँकर! बाया घागरी घेऊन पळाल्या... टँकर रिकामा! ड्रायव्हर नळी खांद्यावर घेऊन उतरला, घामाघूम. "निलंग्याला विचारलं, शिरूर अनंतपाळला विचारलं, कुणालाच ठावं न्हाई. कुणी म्हणलं, पडद्यावाल्या मालकाला माहीत हाय. मालक, रांजणखळी कुठं हाय हो?"

महादेवप्पानं मान खाली घालून आत बोट दाखवलं.

ड्रायव्हरनं रांजणाकडं पाहिलं. खांद्यावरच्या नळीकडं पाहिलं. नळी खाली टाकून उंबऱ्यावर बसला. शिवम्मालाच कीव आली, तिनं रांजण कलता करून खरवडून तांब्याभर पाणी काढलं. गटागटा प्याला. "गोड हाय, मावशी," म्हणाला अन् गेला.

त्यानं ऑफिसात काय सांगितलं देवाला ठाऊक, पण वर गेलं ते असं, की रांजणखळीचं पाणी गोड हाय, टँकर मात्र आतपर्यंत जात न्हाई. झालं! टँकर बंद, अन् रांजणखळीला पक्का रस्ता मंजूर!

शिवम्मानं इचारलं, "अहो, खरंच येतील की काय रस्ता करायला?"

महादेवप्पानं रिकामा रांजण उचलला अन् भिंतीकडं सरकवला. "येतील तर येऊ दे... आपण आपली जागा मोकळी ठेवावी."