फोडणीतली मिरची

बासष्ट सालचा हिवाळा होता. मेहकरच्या दवाखान्यात नवी नवरी कोकिळा बाकावर बसली होती. नवरा सर्दीसाठी आत डॉक्टरांकडे गेला होता. शेजारी सत्यभामाबाई नि मंजुळाबाई, दोघी पिकल्या केसांच्या, बोलत होत्या.

“हे खोकल्याचं औषध कोणाले, सत्यभामा?”

“आमच्या यायले. पण मले घरी न्यावं वाटत नाही.”

“काऊन व?”

“घरात हे धरून पाच भाऊ होते, मंजुळा. सारे दारात खोकूनच आत येत, बायकायनं पदर घ्यावा म्हणून. बाकीच्यायचा खोकला म्हणे, पदर घ्या. यायचा म्हणे, मी आलो.”

“वळखू ये तुले?”

“तोंड पाह्याच्या आधी खोकला वळखला. दिवसा बोलाची सोय नव्हती. मंग मी फोडणीत मिरची जास्त टाकली, की हे वसरीवर शिंकत. तेवढंच आमचं बोलणं.”

“आता तं घरात तुमी दोघंच.”

“तरी दारात खोकतेतच. आन् या औषधानं ते थांबलं तं?”

आत कोणीतरी शिंकलं. भरल्या बाकावर एकट्या कोकिळेचा हात पदराकडे गेला.